गुणाकार बरोबर, गृहीत खोटे



२०२४-२५ च्या हंगामासाठी सरकारने मध्यम धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ७,१२१ रुपये जाहीर केला. खर्च धरला ४,७४७ रुपये, त्याची दीडपट. संकरित ज्वारीचा खर्च २,२४७ आणि भाव ३,३७१. ताळा करून पाहा, गुणाकारात चूक सापडणार नाही. चूक गुणाकाराच्या आधीच झाली आहे.

या खर्चात बी, खत, औषध, मजुरी आणि घरच्यांच्या कष्टाचे दाम धरतात. स्वतःच्या जमिनीचा खंड आणि स्वतःच्या भांडवलावरचे व्याज सोडून देतात. कृषी खर्च व मूल्य आयोगाच्याच अहवालात 'सी-२' नावाचा खर्च असतो, त्यात या दोन्ही रकमा येतात. पण दीडपट करतात ती त्याची नव्हे. शिवाय खर्च साऱ्या देशाच्या सरासरीचा. पाटाच्या पाण्यावरचा कापूस आणि आभाळाकडे डोळे लावलेला कापूस एकाच मापाने मोजला! गृहीत खोटे असले, की पुढचा हिशेब जितका चोख तितकी फसवणूक पक्की.

मग सांगायचे कसे? सभेत एखादा उठतो, अधिकाऱ्याला लबाड म्हणतो. टाळ्या पडतात. अधिकारी अपमान झाला म्हणून उठून जातो, आकडा जागच्या जागी. दुसरा हात जोडून म्हणतो, "साहेब, थोडे वाढवून द्या." हे त्याहून वाईट. वाढ मागितली म्हणजे मांडणी कबूल केली.

आम्ही म्हणतो, रोखठोक बोलाच. पण घाव माणसावर नको, गृहीतावर घाला. विचारा, "दुसऱ्याची जमीन खंडाने केली तर तो खंड तुम्ही खर्चात धरता. स्वतःची कसली तर शून्य. का?" या प्रश्नावर रुसून पळता येत नाही.

आणि हाच रोखठोकपणा घरातही हवा. 'घरचेच बैल, घरचेच शेणखत, वेचणीला घरचीच माणसे, त्यांचा कसला खर्च?' हे गावोगाव ऐकू येते. घरच्यांची मजुरी आयोगसुद्धा धरतो, शेतकरी धरत नाही! स्वतःच्या वहीत शून्य मांडणाऱ्याने दिल्लीचे शून्य कोणत्या तोंडाने खोडायचे?

पुढच्या जिल्हा बैठकीला येताना या हंगामाची वही आणा. बैल, शेणखत, वेचणी, खंड, व्याज, सगळे मांडून आणा.