वाचलेली पावले कोणाच्या खात्यावर?

घरबसल्या मागविलेली वस्तू एकदोन दिवसांत दाराशी येते, याचे नवल आता कोणाला वाटेनासे झाले आहे. तथापि ती वस्तू आपल्या हाती पडण्यापूर्वी एखाद्या प्रचंड गोदामातील शेकडो मांडण्यांमधून बहुधा कोणा माणसाने ती शोधून उचललेली असते, हे सहसा आपल्या ध्यानात येत नाही. भिवंडीच्या परिसरात अशा गोदामांची रांगच उभी आहे. पूर्वी कोणत्या गल्लीतून आधी जायचे, हे अनुभवी कामगार आपल्या मनाशी ठरवीत असे. मोठ्या व अद्ययावत गोदामांत आता हातातील यंत्र त्याला पुढची गल्ली व पुढचा कप्पा सांगते. या यंत्रामागील गणित आणि त्याच्या लाभाची वाटणी, या दोहोंचा विचार एकत्र करावयास हवा.

प्रश्न दिसतो तितका सोपा नाही. दहा ठिकाणांहून दहा जिन्नस आणावयाचे म्हटले, तर ते उचलण्याचे क्रम ३६,२८,८०० होतात. वीस जिन्नस असतील, तर हा आकडा दोनावर अठरा शून्ये दिली तरी त्याच्या पलीकडे जातो. अनेक गावे फिरून घरी परतणाऱ्या विक्रेत्याने सर्वांत जवळचा मार्ग कसा शोधावा, हा गणितातील प्रसिद्ध प्रश्न तो हाच. सर्वसाधारण स्वरूपात त्याचे अचूक उत्तर हमखास व झटपट देणारी रीत अद्याप कोणालाही सापडलेली नाही.

परंतु गोदाम म्हणजे रानोमाळ विखुरलेली गावे नव्हेत. तेथे गल्ल्या समांतर असतात आणि एकीतून दुसरीत जावयाचे ते दोन्ही टोकांच्या आडव्या वाटांनी. रॅटलिफ व रोझेन्थल या अमेरिकन संशोधकांनी १९८३ साली नेमका याचाच फायदा घेतला. एखादी गल्ली आरपार ओलांडावी, एका टोकाने शिरून तेथूनच परतावे, किंवा दोन्ही टोकांनी थोडेथोडे आत जाऊन मधला रिकामा भाग टाळावा, असे मोजकेच पर्याय प्रत्येक गल्लीत उरतात. एकेक गल्ली पुढे सरकत निरुपयोगी पर्याय गाळीत गेले, की सर्वांत कमी अंतराचा मार्ग निश्चितपणे हाती येतो. गल्ल्या दुप्पट झाल्या, तर हिशेबही साधारण दुप्पटच होतो. अनेक ग्राहकांच्या मागण्या एका फेरीत कशा गुंफाव्यात, हा प्रश्न मात्र अधिक बिकट आहे व तेथे बहुधा अदमासी रीतींवरच भागवावे लागते.

या गणिताचे मोल कमी लेखण्याचे कारण नाही. अशा गोदामातील कामगाराचा सुमारे निम्मा वेळ केवळ चालण्यात जातो, असे या विषयावरील ग्रंथांत मानले जाते. व्यर्थ चालणे वाचावे, यात कोणाचेच अहित नाही. खरा प्रश्न त्यापुढचा आहे. वाचलेल्या वेळाचे करावयाचे काय?

समजा, एक कामगार पाळीभरात बारा किलोमीटर चालून आठशे वस्तू उचलतो. नव्या मार्गामुळे त्याचे चालणे पाव हिश्श्याने घटले, तर तितक्याच वस्तूंना नऊ किलोमीटर पुरतील आणि एकूण वेळाचा आठवा भाग, म्हणजे आठ तासांतला एक तास, मोकळा होईल. हा तास मालकाने अधिक वस्तूंसाठी वापरला, तर अपेक्षा नऊशे चौदांवर जाईल. चालणे तरीही सव्वादहा किलोमीटरांवर येईल, हे खरे. पण वाकणे व उचलणे एकशे चौदा वेळा वाढेल. शिवाय दोन वस्तूंच्या मध्ये होणारे चालणे हीच पाठीला मिळणारी उसंत असते, हे हिशेबात कोठेही मांडलेले नसते. जवळचा मार्ग आणि कमी कष्टाचा मार्ग या दोन भिन्न गोष्टी आहेत. यंत्राला अंतर कमी कर असे सांगितले की ते अंतरच कमी करते. जड खोके आधी घ्यावे की शेवटी, अरुंद गल्लीत आधीच गर्दी आहे काय, याची पर्वा करावयास त्याला कोणी तरी सांगावे लागते. काय सांगावयाचे, हा निर्णय गणिताचा नसून माणसांचा आहे.

मुंबईला हा वाद नवा नाही. १९२८ साली गिरण्यांत सुमारे सहा महिने संप चालला. दोन मागांऐवजी तीन माग एकाच विणकराने सांभाळावेत, ही मालकांची योजना त्याच्या कारणांपैकी एक होती. तेव्हाही कार्यक्षमतेला विरोध हा मुद्दा नव्हता. वाढलेल्या कार्यक्षमतेत कामगाराचा वाटा कोणता, हा होता.

कॅलिफोर्निया राज्याने या दिशेने एक पाऊल टाकले आहे. १ जानेवारी २०२२ पासून तेथील मोठ्या गोदामांच्या चालकांनी कामाचे प्रमाण कामगाराला लेखी कळविणे बंधनकारक झाले. जेवण, विश्रांती वा शौचासाठीही सवड उरू नये असे प्रमाण लादता येत नाही, आणि स्वतःच्या वेगाची नोंद मागण्याचा हक्क कामगाराला आहे. आपल्याकडील कायदा कामाचे तास मोजतो; परंतु त्या तासांत यंत्र किती वेग मागते, हे कामगाराला सांगण्याची सक्ती तो करीत नाही.

महाराष्ट्राने १९६९ साली माथाडी कामगारांसाठी कायदा केला, तेव्हा हमालाच्या पाठीवरचे ओझे प्रथमच कायद्याच्या नजरेस आले. आजच्या गोदामातील ओझे पाठीवर कमी आणि घड्याळात अधिक आहे. यंत्राने ठरविलेले प्रमाण लेखी जाहीर व्हावे, ते ठरविताना कामगारांचे म्हणणे ऐकले जावे आणि वाचलेल्या वेळाचा काही अंश विश्रांतीच्या रूपाने त्यांच्याकडे परतावा, एवढी मागणी अवाजवी म्हणता येणार नाही. वाचलेली पावले ही शेवटी ज्याच्या पायांनी चालावयाची, त्याचीही आहेत.