कृतीमागची कथा

मुथुस्वामी दीक्षितरांच्या हंसध्वनीतल्या ‘वातापि गणपतिं’ने कर्नाटक संगीताच्या कितीतरी मैफली सुरू होतात. या कृतीत अगस्त्यांचे नाव नाही; घटातून जन्मलेल्या मुनीने पूजिलेला गणपती, एवढाच उल्लेख. मेंढा होऊन पाहुण्यांच्या पोटात शिरणाऱ्या आणि ते फाडून बाहेर येणाऱ्या वातापी असुराला अगस्त्यांनी पचवले, हे ठाऊक असेल तरच तो उल्लेख पोचतो. त्यागराजांनी (१७६७–१८४७) तर ‘प्रह्लादभक्तिविजयम्’ हे तेलुगू गेयनाटकच रचले. कीर्तनातून प्रह्लाद ऐकत वाढलेल्या मराठी रसिकाला भाषेची अडचण येईल, कथेची नाही. रागाला दाद देताना कथाही विचारावी. हा अंक त्यासाठीच.