भीष्म पडल्यानंतरची गीता

फ्लॅशबॅकला मराठी समीक्षेत ‘पूर्वदीप्ती’ हा शब्द रुळला. कथन काळात पुढे उडी घेते, त्या तंत्राच्या वाट्याला मात्र असे भाग्य आले नाही. वर्गात आपण जेरार जनेतची ‘प्रोलेप्सिस’ ही संज्ञा सांगतो आणि म्युरिअल स्पार्कच्या ‘द प्राइम ऑफ मिस जीन ब्रॉडी’चे (१९६१) उदाहरण देतो. शाळकरी मेरी पुढे तेविसाव्या वर्षी हॉटेलच्या आगीत मरणार, हे तिथे सुरुवातीलाच सांगून टाकले आहे. त्यानंतर मैत्रिणींनी केलेली तिची प्रत्येक हेटाळणी वाचकाला बोचत राहते. उदाहरण उत्तमच आहे. पण याहून मोठे उदाहरण आपल्या घरात आहे, आणि ते आपण मोडून ठेवले आहे.

भीष्मपर्वाच्या आरंभी युद्धाचे नियम ठरतात, व्यास संजयाला दिव्यदृष्टी देतात, मग भूगोलाचे (खरे तर कंटाळवाणे) वर्णन होते. आणि एकाएकी संजय रणभूमीवरून येऊन धृतराष्ट्राला सांगतो की भीष्म पडले. श्रोत्याने अजून एकही बाण सुटलेला ऐकलेला नाही आणि कथा दहा दिवस पुढे गेलेली आहे! गीता येते ती यानंतर. संजय राजाशेजारी बसून धावते समालोचन करतो, हे आपल्या मनातले चित्र कॅलेंडरांनी आणि मालिकांनी दिलेले आहे.

कोणी म्हणेल, संजयाच्या दृष्टीने हे घडून गेलेले आहे, म्हणजे ही पूर्वदीप्तीच. संजयापुरते ते खरे. महाभारत क्रमाने ऐकणाऱ्याला मात्र शेवट आधी कळतो. द्रोण, कर्ण, शल्य या पर्वांतही सेनापतीच्या मृत्यूची वार्ता आधी आणि युद्ध नंतर, अशीच रचना आहे. त्यामुळे ‘काय झाले’ ही उत्कंठा संपते आणि ‘हे होऊ कसे दिले’ हा प्रश्न उरतो. तो प्रश्न थेट धृतराष्ट्रावर येऊन पडतो.

सुटी गीता वाचताना पहिल्या श्लोकातला त्याचा प्रश्न साध्या कुतूहलाचा वाटतो. संहितेत तो भीष्मांच्या वार्तेने कोसळलेल्या माणसाचा प्रश्न आहे. भीष्मांवर बाण कसा टाकू, ही अर्जुनाची व्यथाही तो हे कळल्यावरच ऐकतो.

अकराव्या अध्यायात तर उडीच्या आत आणखी एक उडी आहे. द्रोण, भीष्म, जयद्रथ, कर्ण हे माझ्याकडून आधीच मारले गेले आहेत, असे कृष्ण अर्जुनाला सांगतो. ही चार नावे संजय दहाव्या दिवसानंतर धृतराष्ट्रासमोर उच्चारतो आहे. त्यांतले एक खरे ठरल्याचे त्याला ठाऊक आहे. उरलेले तिघे अजून जिवंत आहेत, आणि जयद्रथ त्याचा जावई आहे. आपली व्याख्याने या श्लोकापाशी विश्वरूपाबद्दल, अर्जुनाच्या भयाबद्दल बोलतात. ऐकत बसलेल्या आंधळ्या म्हाताऱ्याबद्दल कोणी बोललेले मी वर्गात तरी ऐकलेले नाही.