दोस्ताला ‘केस’ बनवू नका

अॅनिमेशन म्हणजे लहान मुलांचा मामला, असं समजून अनेकांनी ‘मेरी अँड मॅक्स’ पाहिलेला नसतो. ऑस्ट्रेलियन दिग्दर्शक अॅडम इलियट यांचा हा २००९ चा चित्रपट मातीच्या बाहुल्यांचा आहे, पण विषय मोठ्यांचा आहे. इलियट यांची न्यूयॉर्कमधल्या एका पत्रमित्राशी वीस वर्षांहून अधिक काळ मैत्री होती. त्यातूनच ही कथा आली.

साल १९७६. मेलबर्नमधली आठ वर्षांची मेरी. कपाळावरच्या डागामुळे शाळेत चिडवली जाणारी, आई दारूत, वडील आपल्याच नादात. टेलिफोन डिरेक्टरीतून एक नाव उचलून ती पत्र लिहिते. ते पोहोचतं न्यूयॉर्कच्या मॅक्सकडे. मॅक्स चव्वेचाळीस वर्षांचा, ज्यू घरात जन्मलेला, अॅस्पर्जर्स असलेला माणूस. लोकांचे चेहरे त्याला वाचता येत नाहीत. दोघांच्या वयात, धर्मात, शहरात काहीच जुळत नाही. तरी वीसेक वर्षं पत्रं जातात-येतात.

मला सर्वात महत्त्वाचा वाटतो तो या मैत्रीतला तडा. मोठी झाल्यावर मेरी मानसशास्त्र शिकते आणि मॅक्सवर पुस्तक लिहिते. त्याचा आजार बरा व्हावा, ही तिची इच्छा. नियत साफ आहे. पण मॅक्सला बरं व्हायचंच नाही, कारण तो स्वतःला आजारी मानत नाही. आपण जसे आहोत तसे त्याला ठीक वाटतो. तो इतका दुखावतो की टाइपरायटरचं ‘एम’ अक्षर उपटून तिला पाठवून देतो. त्या अक्षराशिवाय मेरीचं नाव टाइप होत नाही, आणि त्याचं स्वतःचंही.

इथे हा चित्रपट आपल्याशी बोलतो. दोस्त मनातलं सांगतो तेव्हा आपण काय करतो? लगेच सल्ला देतो. मोटिवेशनल व्हिडिओ फॉरवर्ड करतो. ‘माझा एक मित्र आहे ना...’ म्हणत त्याची गोष्ट चार जणांत सांगतो. हेतू चांगला असतो, पण ज्याने विश्वासाने सांगितलं, त्याला विचारलेलं नसतं. ऐकून घेणं आणि दुरुस्त करायला निघणं यातला फरक आपण विसरतो.

मेरी छापलेली सगळी पुस्तकं नष्ट करते आणि माफी मागते. पुढे मॅक्सही माफ करतो. माणसं अपूर्ण असतात आणि आपणही त्यातलेच, हे त्याला उमगतं. पण त्याचं पार्सल मेरीच्या दारात नुसतं पडून राहतं. आत ती जीव द्यायला निघालेली असते. तेव्हा दार ठोठावतो तो शेजारी लेन, ज्याला घराबाहेर पडायचीच दहशत आहे. हजारो मैलांवरच्या दोस्ताची माफी शेवटी शेजाऱ्यामुळे तिच्या हातात पडते. लेन काही डॉक्टर नाही, मॅक्सही नाही. दोघे स्वतःच अडखळत जगणारे.

म्हणून ऑनलाइन मैत्री खोटी आणि मोहल्ल्यातली खरी, असली वाटणी मला मान्य नाही. दोन्ही लागतात. तुमच्या यादीत असा कोणी असेल ज्याचे रिप्लाय हल्ली ‘हं’ आणि ‘ठीक’ वर आलेत. त्याला आज फोन करा. सल्ला तयार ठेवू नका. तो दोन गल्ल्यांपलीकडे राहत असेल, तर फोनही नको, सरळ घरी जा.