मजुरीच्या रकान्यातले शून्य



काही महिन्यांपूर्वी दक्षिण कोकणातल्या एका तालुक्याच्या गावी बचतगटातल्या बायकांसाठी ‘होम-स्टे’चे प्रशिक्षण होते. आम्ही दोघीजणी मागे बसून ऐकत होतो. पडद्यावर एक नमुना-तक्ता दाखवला गेला. खोल्या दोन, भाडे इतके, वीज इतकी, कर्जाचा हप्ता इतका, आणि शेवटी नफा. ‘मजुरी’ असा एक रकानाही होता. त्यात शून्य होते. कुणीतरी विचारले, तेव्हा शिकवणारे गृहस्थ अगदी सहज म्हणाले, “घरच्याच बायका करणार ना!” सगळ्या हसल्या. फक्त एकीने विचारले की मे महिन्यात मग मी झोपायचे कधी? त्यावरही सगळ्या हसल्या.

तो शून्याचा रकाना आम्ही बरोबर घेऊन आलो आहोत.

१९९७ साली सिंधुदुर्ग हा पर्यटन जिल्हा जाहीर झाला आणि १९९८ मध्ये कोकण रेल्वे पूर्ण मार्गाने धावू लागली. तेव्हापासून किनाऱ्यावरच्या घरांतून पाहुण्यांसाठी खोल्या काढणे वाढत गेले. २०२३ मध्ये राज्य सरकारने ‘आई’ नावाचे महिला पर्यटन धोरण आणले. बाईच्या मालकीच्या पर्यटन व्यवसायासाठी घेतलेल्या १५ लाखांपर्यंतच्या कर्जावरच्या व्याजाचा परतावा मिळण्याची त्यात सोय आहे. धोरण वाईट नाही. बायकांच्या नावाने उद्योग उभे राहावेत ही आपलीच जुनी मागणी. पण कर्ज घ्या असे गटातल्या बाईला सांगण्याआधी हिशेब आपण आपल्या पद्धतीने मांडायला हवा.

समजा, दोन खोल्या आहेत आणि वर्षात दोन्ही मिळून १८० रात्री भरल्या. हॉटेलवाल्यांच्या भाषेत ही २५ टक्के भरती. दिवाळी, नाताळ, मे महिना आणि मधले शनिवार-रविवार सोडले तर पावसाळ्यात कोण येतो? न्याहारीसह एका रात्रीचे १,५०० रुपये धरले तर जमा २,७०,०००. निम्मे पाहुणे मोबाइलवरच्या बुकिंग कंपनीकडून आले आणि तिने २० टक्के दलाली घेतली, तर २७,००० गेले. वीज, गॅस, न्याहारीचे सामान, साबण, डागडुजीचे ६०,०००. पाच लाखांचे कर्ज १२ टक्क्यांनी सात वर्षांसाठी घेतले, तर वर्षाचे हप्ते सुमारे १,०६,०००. जेवणावळीतून खर्च वजा जाता ४०,००० सुटले असे म्हणू. तक्त्याच्या तळाशी नफा दिसतो १,१७,०००. वाईट नाही, असे कुणीही म्हणेल.

आता रकाना भरू. पाहुणे असतात असे दिवस १२० धरा. पहाटे पाचचा चहा, घावणे, खोबरे वाटणे, मासळी साफ करणे, चादरी धुणे, संडास घासणे, आणि रात्री साडेदहाला उशिरा पोचलेल्या गाडीसाठी पुन्हा चूल. घरच्या बाईचे आठ तास आणि जावेचे चार. एरवीच्या दिवशी झाडलोटीचा एक तास. वर्षाचे सुमारे १,६८५ तास होतात, म्हणजे आठ तासांचे २१० दिवस. ५०० रुपये रोज धरला तर १,०५,००० रुपये. उरले बारा हजार.

म्हणजे ज्याला नफा म्हटले तो जवळजवळ सगळाच त्या दोघींचा रोज आहे. तोही नक्की नाही. एक मे महिना वाया गेला की हप्ता तेवढाच आणि रोज मात्र बुडालेला. सरकारी परतावा मिळाला तर पहिल्या वर्षी पन्नास हजारांहून अधिक फरक पडतो हे खरे, पण आधी हप्ते वेळेवर भरावे लागतात.

बाजाराचा अभ्यास करणारे खोल्यांची भरती, सरासरी भाडे, दर खोलीमागे उत्पन्न असे आकडे मांडतात. मोठ्या हॉटेलात चादर बदलणारीचा पगार कमी का असेना, खर्चाच्या बाजूला लिहिलेला असतो. होम-स्टे स्वस्त पडतो तो तिथली चादर बदलणारी खर्चात नसते म्हणून. २०२४ च्या राष्ट्रीय वेळ-वापर सर्वेक्षणात घरकाम करणाऱ्या बायकांचा दिवसाला २८९ मिनिटे वेळ बिनपगारी घरकामात जातो असे दिसले, पुरुषांचा ८८ मिनिटे. ही २८९ मिनिटे आधीची. पाहुण्यांची त्यावर चढतात.

आणखी एक गोष्ट, थोडी अवघड. पाहुणी म्हणून येतात त्यातल्या कितीतरी आपल्याच शहरी मैत्रिणी. वर्षभर स्वयंपाक करून थकलेल्या, दोन दिवस आयते ताट हवे म्हणून आलेल्या. त्यांचा हक्कच आहे. ‘अगदी घरगुती जेवण’ म्हणून त्या कौतुकाने पाच तारे देतात. घरगुती म्हणजे काय, हे खरे तर त्यांच्याइतके कुणाला ठाऊक? तरीही भाड्यात शंभर रुपये कमी करा म्हणून घासाघीस होतेच. आम्हीही केली आहे.

तारे देणाऱ्या पाहुण्याला दुखवायचे नाही, हेही या धंद्यात बाईच्याच वाट्याला येते. दारू पिऊन स्वयंपाकघराच्या दारात रेंगाळणाऱ्याला बाहेर काढायचे की हसून घ्यायचे? २०१३ च्या लैंगिक छळविरोधी कायद्याखाली दहापेक्षा कमी कामगार असलेल्या ठिकाणांसाठी जिल्हा पातळीवर स्थानिक समिती असते. त्या दिवसभराच्या प्रशिक्षणात तिचा उल्लेखही झाला नाही. टॉवेलच्या घड्या कशा घालाव्यात यावर मात्र पाऊण तास गेला.

वेंगुर्ल्याला मांडवीच्या खाडीत स्वामिनी बचतगटाच्या बायका २०१७ पासून खारफुटीची सफर घडवतात. होडी वल्हवतात, झाडांची माहिती देतात आणि त्याचे पैसे घेतात. तिथे कामाला सुरुवात आणि शेवट आहे. होडी काठाला लागली की फेरी संपली. घराच्या आतल्या धंद्याला काठच नाही, म्हणून त्याचे तास मोजायचे तर कुणीतरी वहीच घ्यावी लागते.

आणि घर कोणाचे? कर्ज बाईच्या नावाने, घर सासऱ्यांच्या नावाने, बुकिंगचे पैसे नवऱ्याच्या खात्यात, हे चित्र आम्ही एकाहून अधिक गावांत पाहिले. ‘घर दोघांचे’ म्हणत आपण घरपट्टीच्या उताऱ्यावर नावे लावून घेतली होती. ज्या घरातून धंदा होणार तिथे तरी ते आधी व्हावे, मग बँकेची पायरी. भाडे ठरवताना दोन्ही बायकांचा रोज त्यात धरलेला असावा. तो धरून भाडे परवडत नसेल, तर दोनऐवजी एकच खोली काढावी किंवा कर्जाचा विचार सोडावा. असे सांगताना आपण उत्साहावर पाणी टाकतो असे वाटेल. वाटू दे.

किनाऱ्यावरच्या गटांना एक विनंती. या दिवाळीपासून मेअखेरपर्यंत प्रत्येक पाहुण्यामागे कोणी किती तास काम केले, एवढे एका वहीत लिहा. जावेचे, सासूचे आणि परीक्षा असूनही भांडी घासायला बसलेल्या मुलीचेही. वह्या जूनमध्ये आमच्याकडे पाठवा. आकडे कच्चे असले तरी चालतील.