‘लेन्स – १ नग’

यंदाची लग्नसराई आटोपली आणि आमच्या टेबलावर पत्रांचा गठ्ठा साठू लागला. लिहिणारे बहुतेक विशीतले आहेत. कोणी मास मीडियाला प्रवेश घेतला आहे, कोणी गावातल्या स्टुडिओत मदतनीस म्हणून उभा राहू लागला आहे. तक्रार थोड्याफार फरकाने एकच: वापरलेला डीएसएलआर घेतला, त्यावर लेन्स घेतली आणि ती नीट चालत नाही. दुकानात परत गेले तर उत्तर मिळते, लेन्स उत्तम आहे, तुमच्या बॉडीला जमत नाही त्याला मी काय करू? बिल मागावे तर बिल नाही. ज्यांना मिळाले त्यांच्या बिलावर एवढेच लिहिलेले: ‘लेन्स – १ नग’.

हे संपादकीय त्या मुलांसाठी नाही. ती नवखी आहेत, चुकणारच. ते आपल्यासाठी आहे. लेन्स विकणारे आपण, कार्यशाळेत यादी लिहून देणारे आपण, आणि जुने सामान काढून मिररलेस घेणारेही आपणच. या मुलांच्या हातात आज जे आहे ते कालपर्यंत आपल्या बॅगेत होते.

जुना डीएसएलआर नवशिक्याकडे जाणे ही चांगलीच गोष्ट आहे. नव्या मिररलेस बॉडीच्या किमतीत त्याला बॉडी, दोन लेन्स आणि फ्लॅश मिळतो. अडचण वेगळीच आहे. निकॉनचे एफ माउंट १९५९चे, कॅननचे ईएफ १९८७चे. इतक्या वर्षांच्या लेन्स बाजारात फिरत आहेत आणि त्यातल्या बऱ्याचशा आजच्या बॉडीवर खटकन बसतात. बसते म्हणजे चालते असे नवख्याला वाटते. आपल्याला माहीत आहे की तसे नसते. माहीत असूनही आपण बोलत नाही, ही आमची तक्रार आहे.

सर्वांत जास्त पत्रे ज्या लेन्सविषयी आली ती निकॉनची ५० मिमी एफ/१.८ डी. काच चोख, किंमत कमी, वजन नगण्य. डी७२०० वर ती आजही सुंदर चालते. पण पत्रलेखकाकडे डी५३०० आहे. त्या बॉडीत फोकस मोटर नाही, लेन्समध्येही नाही. लेन्स बसवल्याबरोबर स्क्रीनवर ‘एफईई’ अशी खूण येते आणि शटर पडत नाही. अपर्चर रिंग २२ या नारिंगी आकड्यावर फिरवून छोटी कळ सरकवून कुलूपबंद केली की खूण जाते. पण मग शटर अर्धे दाबले तरी फोकस हलत नाही. रिंग हाताने फिरवायची आणि व्ह्यूफाइंडरच्या कोपऱ्यातला हिरवा ठिपका पेटायची वाट पाहायची. अक्षता पडत असताना हे करून पाहा. मुलगा लेन्स खराब आहे म्हणून दुकानात जातो आणि दुकानदार ती डी७२०० वर लावून दाखवतो. दोघेही आपापल्या जागी बरोबर आहेत आणि पैसे मात्र मुलाचे बुडाले आहेत. त्याला ५० मिमी एफ/१.८ जी, म्हणजे एएफ-एस, हवी होती.

याची उलट बाजूही आहे. एएफ-पी मालिकेतली १८-५५ हलकी आणि शांत आहे, किटमधून सुटी निघालेली स्वस्तात मिळते. ती डी९०, डी७०००, डी५१०० किंवा डी३२०० वर बसते, पण फोकस अजिबात होत नाही. हातानेही नाही, कारण तिची फोकस रिंग विजेवर चालते आणि ती भाषा या बॉडींना येत नाही. डी५३०० आणि डी३३०० वर ती चालते, पण फर्मवेअर अद्ययावत केलेले असेल तरच. फर्मवेअर फुकट मिळते, काम थोड्या मिनिटांचे आहे. तेवढे न करता बॉडी गिऱ्हाइकाच्या हाती देणाऱ्या दुकानदाराला काय म्हणावे? एएफ-पी ७०-३०० डीएक्स तर दोन निघाल्या: एकीत व्हीआर आहे, दुसरीत नाही. डब्याबाहेर काढल्यावर दोन्ही सारख्याच दिसतात. बिलावर ‘७०-३००’ लिहिले की दोन्ही एकच झाल्या.

कॅननवाल्यांनी निश्चिंत राहू नये. माउंटचा गोंधळ तिथे कमी आहे: पांढरा चौकोन ईएफ-एसचा, लाल ठिपका ईएफचा, आणि ईएफ-एस लेन्स फुलफ्रेमवर बसतच नाही. पण फ्लॅशने तिथे घात केला आहे. १५००डी, ३०००डी आणि २००डी मार्क दोन या बॉडींच्या हॉट शूमधला मधला पिन कॅननने काढून टाकला. एका पिनवर चालणारे स्वस्त मॅन्युअल फ्लॅश आणि साधे ट्रिगर या बॉडींवर पडतच नाहीत. आणि नवशिका नेमकी हीच बॉडी घेतो आणि नेमका हाच फ्लॅश घेतो. हॉट शूवर एकदा नजर टाकली असती तर ही विक्री झाली नसती. विकणाऱ्याने पाहिले नाही असे आम्ही कसे मानावे?

आता शिकवणाऱ्यांकडे वळतो. कार्यशाळा कोल्हापूरची असो की नाशिकची, शेवटच्या तासाला फळ्यावर एकच सल्ला येतो: ‘किट लेन्स सोडा, पन्नास घ्या.’ फिल्मच्या काळात तो सल्ला योग्य होता, फुलफ्रेमवर आजही आहे. एपीएस-सीवर पन्नासची चौकट कॅननवर ८० मिमीसारखी आणि निकॉनवर ७५ मिमीसारखी होते. हिशोब करून पाहा. दहा फुटांच्या खोलीत हळद चालू आहे, फोटोग्राफर भिंतीला पाठ लावून उभा आहे, कॅमेरा उभा धरला आहे. समोरच्या भिंतीपाशी त्याच्या चौकटीत जेमतेम साडेचार फूट उंची मावते. पाटावरची नवरी मावते, तिच्या मागे उभी असलेली करवली पूर्ण मावत नाही. निकॉनवर ३५ मिमी एफ/१.८ जी डीएक्स लावली तर तीच उंची साडेसहा फुटांच्या वर जाते. कॅननवर २४ मिमी एफ/२.८ ईएफ-एस लावली तर नऊ फुटांपुढे. विद्यार्थी घरातले समारंभ टिपणार असेल तर त्याची दुसरी लेन्स ही आहे. चेहरे टिपणार असेल तर पन्नास जरूर घ्यावी. सल्ला देण्याआधी ‘काय टिपणार? बॉडी कोणती?’ हे दोन प्रश्न विचारायला किती वेळ लागतो?

किट लेन्सला नावे ठेवण्याची फॅशनही आता थांबवू या. स्टॅबिलायझर असलेली १८-५५ एफ/८ वर दिवसाच्या उजेडात जे चित्र देते त्यात खोट काढणाऱ्याने आधी स्वतःच्या प्रिंट पाहाव्यात. पहिले सहा महिने विद्यार्थ्याला तिच्यावरच राहू द्या. तो कोणत्या फोकल लेंग्थवर जास्त थांबतो हे त्याच्या फाइलींच्या एक्झिफमध्ये लिहिलेले असते. दुसरी लेन्स त्यावरून ठरवा, तुमच्या आवडीवरून नको.

बाकी सामानाविषयी थोडक्यात, कारण तिथे वाद नाही. ‘फुकट’ ट्रायपॉड, ‘फुकट’ यूव्ही फिल्टर आणि ‘फुकट’ बॅग असलेला कॉम्बो विकू नका. तो ट्रायपॉड ७०-३००च्या वजनाने मान टाकतो आणि बॉडीसकट आडवा होतो. आधी एक जादा बॅटरी आणि खात्रीच्या दुकानातली दोन कार्डे द्या. किनारपट्टीवरच्या गिऱ्हाइकाला त्याच बिलात हवाबंद डबा, सिलिका जेल आणि आर्द्रतामापक द्या आणि आर्द्रता ४० ते ५० टक्क्यांच्या दरम्यान ठेवायला सांगा. रत्नागिरी, अलिबाग किंवा पणजीच्या पावसाळ्यात कपाटात पडून राहिलेल्या लेन्सला बुरशी किती लवकर धरते हे दुरुस्ती करणाऱ्यांना विचारा. वापरलेली लेन्स विकताना अपर्चर पूर्ण उघडून मागून टॉर्च मारा आणि काचेवरचे जाळे गिऱ्हाइकाला स्वतः दाखवा.

आता बिलाचा मुद्दा. बिल का देत नाही, असे आम्ही काही दुकानदारांना विचारले. उत्तर ठरलेले: ‘जुन्या मालावर अठरा टक्के लावले तर घेणार कोण?’ ही समजूत चुकीची आहे आणि ती २०१७ पासून चुकीची आहे. सीजीएसटी नियमांतला नियम ३२(५) वापरलेल्या मालासाठीच आहे. नोंदणीकृत व्यापाऱ्याने जुनी लेन्स जशीच्या तशी किंवा किरकोळ साफसफाई करून विकली, आणि खरेदीवर इनपुट क्रेडिट घेतले नसेल, तर कर फक्त फरकावर लागतो. सहा हजारांना घेतलेली लेन्स साडेसात हजारांना विकली तर कर दीड हजारांवर, म्हणजे २७० रुपये. साडेसात हजारांवर १३५० नव्हे. तोट्यात विकली तर कर शून्य. स्टुडिओने स्वतःच्या लेन्सवर पूर्वी क्रेडिट घेतले असेल तर तो हिशोब वेगळा, तो आपल्या सल्लागाराकडून समजून घ्या. इतका सोयीचा नियम इतकी वर्षे पुस्तकात पडून आहे आणि लहान व्यापाऱ्यांपर्यंत पोचलेला नाही, याची लाज जीएसटी खात्यालाही वाटायला हवी. विवरणपत्राला एक दिवस उशीर झाला तर मोबाइलवर संदेश पाठवणाऱ्या यंत्रणेला हा एक नियम सोप्या मराठीत छापून वाटता आला नाही?

बिल न देणे ही किरकोळ बाब नाही. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार बिल न देणे ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. बिलात मुदत लिहिलेली नसेल तर सदोष माल ३० दिवसांत परत घेऊन पैसे देण्यास नकार देणे हीसुद्धा. ‘विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ ही भिंतीवरची पाटी या तरतुदीपुढे टिकणार नाही. फोटोग्राफी हा माझा व्यवसाय, मी कसला ग्राहक, असे कोणी समजू नये. स्वयंरोजगारातून पोट भरण्यासाठी घेतलेले सामान ‘व्यापारी हेतू’त धरले जात नाही. नव्या मालाच्या बाबतीत खूण याहून सोपी आहे: आयात केलेल्या डब्यावर आयातदाराचे नाव, पत्ता आणि कमाल किरकोळ किंमत छापलेली असलीच पाहिजे. ते स्टिकर नसेल तर तो डबा कोणत्या वाटेने आला हे विचारणे आपले कामच आहे.

पण नुसते बिल पुरत नाही, बिलावर पूर्ण नाव हवे. ‘निकॉन एएफ-एस ३५ मिमी एफ/१.८ जी डीएक्स, अनुक्रमांक अमुक, डी५३०० बॉडीवर तपासून दिली.’ एवढी एक ओळ लिहा. बॉडीचे नाव लिहिले की जबाबदारी ठरते आणि ‘लेन्स उत्तम आहे’ हे उत्तर देता येत नाही. अनुक्रमांक लिहिला की चोरी झाल्यावर पोलिसांत तक्रार करता येते, विमा मागता येतो. आणि उद्या हाच मुलगा मिररलेस घेईल तेव्हा काय सोबत नेता येईल हेही त्या नावावरूनच कळेल. कॅननच्या ईएफ लेन्स अडॅप्टरवर आरएफ बॉडीला पूर्ण चालतात. निकॉनच्या एफटीझेड अडॅप्टरवर एएफ-एसला ऑटोफोकस मिळतो, जुन्या डी लेन्सला मिळत नाही. आज स्वस्त वाटलेली लेन्स पाच वर्षांनी कितीला पडते ते इथे ठरते.

आमच्या हातात जेवढे आहे तेवढे आम्ही करतो. पुढच्या अंकापासून ‘खरेदी-विक्री’ सदरात लेन्सचे पूर्ण नाव, अनुक्रमांकाचे शेवटचे चार आकडे आणि बिल देणार की नाही हे नमूद केल्याशिवाय जाहिरात घेतली जाणार नाही. जाहिरातदार जुना असो वा मोठा, अपवाद नाही. बिल न देणाऱ्यांची जाहिरात ‘बिल नाही’ या शब्दांसह छापली जाईल.

जिल्हा आणि तालुका संघटनांच्या पदाधिकाऱ्यांना मागणे एवढेच आहे. वार्षिक स्नेहमेळाव्यात शाली आणि नारळ देऊन झाले की एक तास या विषयाला द्या. कोणती बॉडी, कोणती लेन्स, कोणता फ्लॅश याचा एक पानी तक्ता छापा आणि सभासदांच्या प्रत्येक दुकानात तो गिऱ्हाइकाला दिसेल असा लावा. कार्यशाळा घेणाऱ्यांनी तो पहिल्याच दिवशी वाटावा. तुळशीचे लग्न लागले की पुढचा हंगाम सुरू होईल. त्याआधी हा तक्ता भिंतीवर लागलाच पाहिजे.