पहिली बाइक? आधी रस्ता बघा!

पगार अकाउंटला पडायला लागला की बोईसर-पालघरकडच्या दोस्तमंडळींचा मला हमखास प्रश्न येतो, ‘बाइक कोणती घेऊ गं?’ विचारतानाच मोबाइलवर साडेतीनशे सीसीचा फोटो उघडलेला असतो! माझं उत्तर ठरलेलं आहे. फोटो नंतर, आधी तुमचा रोजचा रस्ता आठवा.

बोईसर स्टेशनहून तारापूर एमआयडीसीत जायचं, तर पुढे टँकर, बाजूला रिक्षा आणि शिफ्ट सुटली की माणसांचा लोंढा. चिल्हार फाट्याकडे निघालात तर कंटेनर सोबतीला. शिवाय चार महिने धो धो पाऊस. इथे टॉप स्पीड घेऊन करायचं काय? इथे हवी झेपेल एवढ्या वजनाची गाडी आणि भरवशाचे ब्रेक.

स्प्लेंडरसारखी शंभर सीसीची गाडी साधारण ११२ किलोची, तर क्लासिक ३५० जवळपास १९५ किलोची. स्टेशनजवळच्या खचाखच पार्किंगमधून रोज कोणती मागे ओढाल? शोरूममध्ये मायलेज विचारण्याआधी सीटवर बसा. दोन्ही पाय जमिनीवर नीट टेकले, तरच पुढचं बोला.

आता ब्रेक. २०१९पासून १२५ सीसीच्या वरच्या नव्या गाड्यांना एबीएस सक्तीचं आहे. जोरात ब्रेक दाबला तरी चाक जॅम होत नाही, म्हणून ओल्या रस्त्यावर त्याची खरी किंमत कळते. बजेट ताणायचंच असेल तर इथे ताणा, स्टिकर आणि सायलेन्सरवर नको!

गिअरच्या गाडीसाठी वय १८ पूर्ण हवं. लर्निंग लायसन्सनंतर पक्क्या लायसन्सच्या टेस्टला किमान ३० दिवस थांबावं लागतं. ते दिवस मोकळ्या मैदानात क्लच आणि ब्रेकवर घालवा. चिंचणी-केळव्याच्या बीचचा प्लॅन त्यानंतर!

रोजच्यासाठी तीन फंडे:

• टँकरच्या आरशात ड्रायव्हरचा चेहरा दिसत नसेल, तर त्यालाही तुम्ही दिसत नाही. तो डावीकडे वळत असताना डावीकडून घुसू नका.

• ताशी ६० च्या स्पीडला गाडी सेकंदात जवळपास १७ मीटर जाते. ब्रेक दाबायचं सुचेपर्यंत एवढं अंतर गेलेलं असतं. पावसात अंतर दुप्पट ठेवा.

• हेल्मेट आयएसआय मार्कचं, मापाचं आणि पट्टा लावलेलं. आरशाला लटकवलेलं हेल्मेट फक्त आरसा वाचवतं!

आणि मागे बसणाऱ्याचं काय? ४ सप्टेंबर २०२२ला आपल्याच जिल्ह्यात, चारोटीजवळ सूर्या नदीच्या पुलावर झालेल्या कार अपघातात सायरस मिस्त्री आणि त्यांच्या शेजारी बसलेले सहप्रवासी गेले. मागच्या सीटवरच्या या दोघांनी सीटबेल्ट लावले नव्हते, असं पोलिसांनी सांगितलं होतं. मागची सीट सेफ असते हा समज कारमध्येही खोटा ठरला, तर बाइकवर काय टिकणार? म्हणून मैत्रिणीची ओढणी चाकापासून लांब बांधायला लावा आणि बाइकच्या बजेटमध्ये पहिल्या दिवसापासून हेल्मेट दोन धरा. दुसऱ्याला पैसे उरत नसतील, तर सरळ थोडी स्वस्त बाइक घ्या!